श्वास रोखा

जूनमध्ये कॅमेरा हातात आला तेव्हा वाटलं होतं
आता मी जगाला काहीतरी दाखवीन.
नोव्हेंबरात सगळं सामान परत करायला गेले
तर काउंटरवरचे परेरा म्हणाले, "केबल कुठंय?"
सत्राचा समारोप एवढाच झाला.

पहिलं काम: दहा फोटो, 'माझी गल्ली'.
मी भंगाराची हातगाडी टिपली, मांजर टिपलं,
चुनाभट्टीच्या खांबावरचं वायरींचं जंजाळ.
टिपणीस मॅडम स्क्रीनवर दोन बोटांनी
फोटो मोठा करत करत
एका खिडकीशी येऊन थांबल्या.
"ही बाई कोण?"
माहीत नव्हतं.
समोरच राहतात. अकरा वर्षं.

दुसरं: कप चालवायचा होता.
बारा फोटो, तेव्हा एक सेकंद.
रात्रभर केसाएवढा सरकवत राहिले
ओट्यावरून खिडकीपर्यंत.
पहाटे सात सेकंद चालून कप थांबला.
मी त्यातच चहा ओतून प्यायले आणि झोपले.

तिसऱ्याबद्दल शबिस्ता अजून बोलत नाही.
मिठागरावर जन्म घालवलेले एक आजोबा,
बोलायला तयार झाले तेही ऑल्विनच्या आईच्या ओळखीनं.
भेगाळलेले पाय, मिठानं खाल्लेली नखं,
फोकस अगदी काटेकोर.
माइकचं बटण बंद.
पुन्हा गेलो तर म्हणाले, "सांगितलं ना सगळं."
त्यांचे ओठ आहेत माझ्याकडे,
चौदा मिनिटं.
कधी कधी लावते
आणि एखादा शब्द लागतोय का बघते.
'पाणी' असावा. किंवा 'पोरी'.

मग शांतता.
"तीस सेकंद शांतता आणा," मॅडम म्हणाल्या,
जणू कोपऱ्यावरून कोथिंबीर आणायची होती.
गच्चीवर गेले: पलीकडे टॉवरचा पाया ठोकत होते.
वाचनालयात पंखा.
कबरस्तानाच्या कडेला एक माणूस फोनवर
वन बीएचकेचा भाव पाडत होता.

बाबा पालिकेच्या इस्पितळात एक्स-रे काढतात.
लहानपणी त्यांच्या बोटांना
हायपोचा आंबट वास यायचा,
मला तो बाबांचाच वास वाटायचा.
"आमचीही फिल्म गेली गं,"
एकदा भेंडी चिरता चिरता म्हणाले होते.
माझ्या कानात हेडफोन. मी "हं" म्हटलं होतं.

त्यांच्या रात्रपाळीला गेले.
शिशाचं दार लोटलं आणि इस्पितळ पुसलं गेलं.
मशीन बंद होतं, तरी मला स्टँडसमोर उभं केलं,
हनुवटी वर, खांदे पुढे,
आणि काचेमागे जाऊन, सवयीनं,
"श्वास घ्या," म्हणाले. मला. 'घ्या'.
"रोखा."

रेकॉर्डरची हिरवी पट्टी खाली खाली गेली,
तळाशी जाऊन निजली.
नऊ. बारा. सतरा.
एकोणिसाव्याला मी हरले, खोकले,
वाकून हसायला लागले.
काचेमागे बाबा हलले नाहीत.
गाल किंचित फुगलेले, डोळे घड्याळावर,
तिसापर्यंत.
मग सोडला.

"तुम्ही का रोखलात?"
"मी नेहमीच रोखतो," म्हणाले,
"नाहीतर समोरच्याला किती जड जातंय
ते कळत नाही."
आणि पुढचा केसपेपर शोधायला लागले.

खोकला पुसता आला असता. दोन क्लिकचं काम.
मी तसाच दिला.
मॅडमनी दहापैकी सहा दिले, शेजारी लिहिलं:
'शांतता अपुरी. पण कोण आहे तिथे?'

फाइल ठेवली आहे, नाव
शांतता_फायनल_खरंच_फायनल_४.
समोरच्या बाईंचं नाव विचारलं:
इंदुमती खोपकर. फोटो पाहून म्हणाल्या,
"सांगायचंस तरी, गाऊन बदलला असता."

केबल फ्रीजमागे सापडली.
उद्या द्यायची आहे.
दंड, दिवसाला वीस रुपये.